पाण्यावरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हाउसबोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे श्रीनगरचे दल सरोवर उभे राहते. चिटणीसबाईंनी माझ्या भाषणाचा विषय जाहीर केल्यापासून मला चौघीजणींनी काश्मीरच्या हवेबद्दल विचारले! पण आमची बोट तसली शोभिवंत नव्हती. इंग्लंडच्या मध्यभागी रग्बी गावाजवळून ऑक्सफर्ड कालवा जातो, त्यावरची ती एक लांबोडकी, लोखंडी नाव होती. यजमानांची नोकरी तिकडे, घरभाडे परवडेना. म्हणून २०१७ साली होती नव्हती ती शिल्लक घालून आम्ही ती जुनी बोट घेतली आणि चार वर्षे, बाराही महिने, तिच्यात संसार केला.

बोटीची लांबी ५७ फूट आणि रुंदी अवघी ६ फूट १० इंच. तिकडच्या कालव्यांवर बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी दरवाजांचे हौद असतात, त्यांना लॉक म्हणतात. जुन्या काळचे पुष्कळसे हौद सातच फूट रुंद आहेत, म्हणून बोटीही तेवढ्याच. आत उभे राहून मी हात पसरले की दोन्ही भिंती वीतभरसुद्धा दूर उरत नसत.

आधी डागडुजी. बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी यंत्राने मोजली, तर पाण्याच्या रेषेजवळ दोन ठिकाणी ती ४ मिलिमीटरांहून कमी भरली. तेवढ्या पातळ पत्र्याला विमा मिळणे कठीण. तेथे नवा पत्रा जोडून घेतला आणि सबंध बुडाला डांबरी काळे रोगण दिले. ते दर दोन-तीन वर्षांनी द्यावेच लागते. जमिनीच्या फळ्या उचलल्या तर समतोलासाठी खाली रचलेल्या विटा ओल्याचिंब! त्या आम्ही दोघांनी बाहेर काढल्या, वाळवल्या आणि मोजून परत रचल्या. एका अंगाला चार जास्त झाल्या की बोट कलते आणि आमटी पातेल्याच्या एका काठाला येते, हे मी अनुभवाने सांगते.

राहायला गेल्यावर पाण्याची किंमत कळली. टाकी आपणच नळावर नेऊन भरायची, शौचकूपाची पेटी आपणच रिकामी करायची. आमचा कायमचा थांबा नव्हता. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीला एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्यामुळे दर पंधरवड्याला बिऱ्हाड हलायचे. दाराबाहेरचे झाड बदलायचे, चूल तीच राहायची.

आता जे सांगण्यासाठी मी उभी राहिले, ते सांगते.

पहिला हिवाळा आला. कालव्यावर बर्फाची साय धरू लागली. आत कोळशाची बंद शेगडी रात्रंदिवस पेटती, तरी पायांना गारठा लागे. दारांच्या खालच्या अंगाला आणि छपरावर हवेसाठी झरोके होते, त्यांतून वारा येई. मी म्हटले, ही काय गळकी व्यवस्था! एका संध्याकाळी जुन्या सुती साडीच्या चिंध्या करून मी सगळे झरोके बुजवले. शेगडी रात्रभर पुरावी म्हणून तिची हवाही कमी केली. धुराड्यात काजळी साचली होती, तिकडे माझे लक्ष नव्हते. त्या रात्री प्रथमच ऊब वाटली आणि मी स्वतःवरच खूष होऊन झोपले.

पहाटे तीनच्या सुमारास कर्कश आवाजाने जाग आली. यजमानांनी हट्टाने भिंतीवर एक यंत्र लावले होते. कार्बन मोनॉक्साइड वायू साचला की ते ओरडते. "नसता खर्च," असे मी तेव्हा म्हटले होते. मी उठू गेले तर डोके फुटत होते आणि पाय माझे नव्हते. यजमानांनी दोन्ही दारे उघडून मला ओढतच काठावर आणले. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर आम्ही घोंगड्या पांघरून बसलो होतो. शेजारच्या बोटीतल्या वृद्ध बाईंनी आम्हांला आत घेतले आणि दवाखान्यात पोहोचवण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या बोटीवर आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी एकेक चिंधी उपसली आणि माझ्या हातावर ठेवली. भगिनींनो, त्या चिंध्यांइतके जड ओझे मी कधी उचललेले नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून माणूस खोकत नाही, त्याला झोप येते. पूर्वी याच कालव्यांवर मालवाहू बोटींच्या दहा फुटी खोपट्यात सबंध कुटुंबे राहत. १८७७ साली तिकडे त्यांच्यासाठी कायदा झाला, त्यात किती माणसांनी राहावे याबरोबर खोलीत हवा खेळती असावी याचाही विचार होता. आणि ते ओरडणारे यंत्र २०१९ पासून राहत्या बोटींच्या तपासणीत सक्तीचे झाले आहे.

आपल्याकडे जुन्या माळवदाच्या घरात सवणे असे. धूर जायला वाट हवी, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आज आपण न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवतो आणि थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावतो. अशा न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटत असे.

२०२१ साली आम्ही बोट विकून परत आलो. नव्या घरात पाऊल टाकल्यावर स्वयंपाकघराआधी मी न्हाणीघराचा झरोका पाहिला. त्याला मागच्या बिऱ्हाडकरूंनी वर्तमानपत्र चिकटवले होते. ते मी आपल्या हाताने काढले.

आज घरी गेल्यावर आपणही एकदा वर पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.