घरच्या अंगणात मातीची भांडी



चैत्र-वैशाखात अकोट तालुक्यातल्या एखाद्या रिकाम्या वावरातून चालत गेलात, तर पायाखालची जमीन कशी उललेली असते हे तुम्हांला सांगावयास नको. भेगा अशा की त्यांत हाताचा पंजा सहज जावा. ही आपली काळी माती. कपाशी हिच्यावर पोसली, तूर हिच्यावर पोसली, आणि आपणही हिच्यावरच पोसलो. अशी गुणाची माती दाराशी असताना मडक्याला दुसरी माती कशाला हवी, असा विचार करून चार वर्षांपूर्वी मी दोन घमेली काळी माती घरी आणली. ती भिजवली, मळली आणि तिचे एक बऱ्यापैकी भांडे हाताने वळले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो भांड्याच्या जागी पाच तुकडे! ज्या भेगा वावरात पडतात त्याच भांड्यात पडल्या. हे मला आधीच सुचायला हवे होते. पण सुचले नाही.

मी पेशाने प्राध्यापक. कॉलेजात इतिहास शिकवतो. मग हे मातीचे खूळ कुठून आले, असे तुम्ही विचाराल. त्याचे असे झाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तिथे १९६८ सालापासून पुढे बरीच वर्षे डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या वस्तीतल्या खापरांविषयी मी वर्गात बोलत होतो. चाकावरची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी वेगळी आणि जाडीभरडी, हाताने घडवलेली भांडी वेगळी, हे फळ्यावर आकृत्या काढून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, तुम्ही कधी मडकं केलं का हो?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न काही मनातून जाईना. वीस वर्षे खापरांवर बोलतो आहे, आणि मडके कसे होते ते आपल्याला ठाऊक नाही! त्यातूनच ती दोन घमेली काळी माती घरी आली.

भांड्याचे तुकडे झाल्यावर मी त्याच मुलाला गाठले. म्हटले, "अरे, तुला यातलं काही कळतं काय?" तो खाली पाहून म्हणाला, "माझी आजी करते, सर." तेव्हा मला कळले की हा कुंभाराच्या घरचा मुलगा. मी विचारले, "मग प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचा धंदा काय लिहिलास?" म्हणाला, "मजुरी." "का बरं?" "हसतात, सर." एवढेच बोलून तो गप्प झाला. त्या दिवशी वर्ग मला हसला होता ते मी केव्हाच विसरलो. पण हा मुलगा कोणत्या हसण्याविषयी बोलत होता, ते मला विसरता आले नाही.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. आजीने माझे तुकडे हातात घेतले, एक तुकडा बोटांनी चुरला आणि म्हणाली, "मास्तर, हे तं वावरातली माती हाये. हे कपाशीले चालते, मडक्याले नाही चालत."

आजीने एका वाक्यात सांगितले, ते विज्ञान जरा लांबवर सांगते. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या आतही शिरते आणि माती फुगते. पाणी निघून गेले की ती तितकीच आकसते. म्हणून ही जमीन पावसाचे पाणी पुष्कळ दिवस धरून ठेवते आणि कपाशी तग धरते. शेतात जो गुण, तोच भांड्यात दोष. कुंभाराला हवा असतो तळ्याचा किंवा नदीनाल्याच्या काठचा गाळ. त्यात चिकणाई असते आणि बारीक वाळूही असते. त्यामुळे तो वळतोही आणि बेताने आकसतो.

तुमच्या गावचा गाळ चालेल की नाही, हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी त्या शाळेत मुलांकडून जरूर करून घ्याव्यात. पहिली परीक्षा : ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. ती तडकली नाही, तर मातीत चिकणाई पुरेशी आहे. दुसरी परीक्षा : मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा आणि पट्टी सावलीत पूर्ण सुकू द्या. मग रेघ पुन्हा मोजा. ती ९ सेंटीमीटरच्या आसपास राहिली, तर काम चालेल. त्याहून बरीच लहान झाली, तर त्या मातीत काहीतरी मिसळले पाहिजे. आजी चाळलेली राख आणि गाढवाची वाळलेली लीद मिसळते. लिदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, आणि भाजताना जळून गेले की मागे बारीक छिद्रे ठेवतात. आमच्या गाळाच्या चार भागांना असा एक भाग लागला. तुमच्या गाळाला किती लागेल, ते तुमची पट्टीच सांगेल.

आता घडवण्याकडे वळू. माझी समजूत अशी की चाकावाचून भांडे होत नाही. आजी हसली. आपल्याकडे चाक फिरवायचे ते पुरुषांनी, अशी रीत चालत आली. पण माती चाळणे, तुडवणे, भांड्याला घोटून रंग देणे, आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकणे, ही कामे बायकांकडेच राहिली. शिवाय चूल, शेगडी, भुलाबाईची मूर्ती या वस्तूंना चाक लागतच नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझ्या आईने दरवर्षी माती आणि कुटार कालवून चूल घातली, ती याच विद्येने. तुमच्याही घरी हेच होत होते. घरच्या घरी मातीकाम करणे हा शहरातून आलेला नवा शौक आहे, असे कुणी म्हटले, तर त्याला आपल्या जुन्या स्वयंपाकघराची आठवण द्यावी.

हाताने घडवण्याची रीत अशी. लिंबाएवढा नव्हे, चांगला मोसंबीएवढा गोळा घ्या. अंगठा मधोमध रुतवा आणि गोळा फिरवीत फिरवीत कड दाबत वर आणा. वाटी तयार झाली. मोठे भांडे हवे असेल, तर खाली मातीची चपटी चकती ठेवा आणि तिच्यावर बोटाएवढ्या वळ्या एकावर एक रचा. प्रत्येक वळी ठेवण्यापूर्वी खालच्या कडेवर काडीने चरे पाडून पातळ चिखल लावा. नाहीतर सुकताना सांधा सुटतो. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. भांडे अर्धवट सुकले की आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून थापटण्याने हळूहळू ठोकत जायचे. त्याने माती घट्ट होते, भिंत पातळ होते आणि पोटाला गोलाई येते. घरी थापटणे नसेल, तर लाकडी फळीचा तुकडा चालतो.

यापुढचे काम सुकवण्याचे. माझ्यासारखे उतावळे लोक फसतात ते इथेच. भांडे उन्हात ठेवू नका. सावलीत, वाऱ्यापासून दूर, वर ओलसर पोते टाकून ठेवा. दोन दिवसांनी ते पालथे करा. लहान भांड्यालाही आठ दिवस द्या. सुकले की नाही हे कसे ओळखावे? भांडे गालाला लावा. गार लागले, तर आत अजून ओल आहे. ओले भांडे विस्तवात गेले की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि भांडे फुटते. पूर्ण सुकण्याच्या थोडे आधी गेरूचे पाणी देऊन गुळगुळीत गोट्याने घोटले, की छान चकाकी येते.

भाजण्यासाठी मोकळी जागा निवडा. गंजी, गोठा, कुडाचे घर जवळ नको. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी भाजूच नये, आणि मुलांना दूर ठेवावे. प्रथम भांड्यांभोवती लांबून मंद विस्तव ठेवून ती दोन-तीन तास शेकावीत. मग खाली-वर गोवऱ्या रचून, भोवती पऱ्हाट्या लावून, वर फुटकी खापरे आणि राख टाकून आवा पेटवावा. अशा उघड्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता होते. ६०० अंशांच्या पुढे गेलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तिचा चिखल कधीच होत नाही. रात्रभर आव्याला हात लावू नये. सकाळी भांडे बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर पक्के. भद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणे कमी झाले. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती रचणाऱ्याला कुंभाराचा आवा चांगला ठाऊक असला पाहिजे.

माझा पहिला आवा उतरला, तेव्हा सहापैकी चार भांडी शाबूत निघाली. मी खूश होऊन ती फडताळात मांडली. आठ दिवसांनी पाहतो तो दोन भांड्यांच्या अंगावरून टवके उडालेले! आजीने टवक्याच्या तळाशी असलेला पांढरा ठिपका नखाने दाखवला. ती चुनखडी. आपल्या भागातल्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. ते आव्यात भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. म्हणून माती कुटून, पाण्यात कालवून, बारीक फडक्यातून गाळून घ्यावी. हा धडा मी कोणत्याही पुस्तकात वाचला असता, तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

अशा भांड्याचा उपयोग काय? आपल्या अकोल्या-अकोटकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही पलीकडे जातो. अशा वेळी माठाच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी असे उडाले, की सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जलद. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेपेक्षा आपल्या वऱ्हाडात माठ अधिक गार होतो. मात्र एक सावधगिरी बाळगा. ज्या भांड्यात खायचे-प्यायचे, त्याला चकाकीसाठी बाजारातला तेलरंग किंवा ठाऊक नसलेली झिलई लावू नका. काही झिलयांत शिसे असते, आणि ते विष आहे.

मातीचे हे काम आपल्या विदर्भाला नवे नाही. बुलडाणा जिल्ह्यात आपल्याच पूर्णेच्या काठी भोन गावी उत्खनन झाले, तेव्हा भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून बांधलेल्या कितीतरी प्राचीन विहिरी निघाल्या. अलीकडचे सांगायचे, तर १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. पुढे १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला ग्रामोदय संघ स्थापन केला आणि कुंभारकामाला नवी भट्टी, नवी झिलई, नवे शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभारकामही आहे. तुमच्या गावच्या कुंभाराला हे ठाऊक नसेल, तर शिक्षकांनी सांगावे.

पण योजना काहीही येवोत, आपण काय करणार, हा प्रश्न उरतोच. मी पूर्वी माठ घेताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करीत असे, टिचकी मारून म्हणत असे, "बाई, मातीचे काय एवढे पैसे?" आता आठ दिवसांत एक वेडेवाकडे भांडे करून पाहिल्यावर तो प्रश्न माझ्या तोंडून निघत नाही. मातीचे पैसे नसतातच. पैसे असतात ती माती ओळखण्याचे, गाळण्याचे, थांबण्याचे, आणि आव्यात फुटलेल्या भांड्यांचेही.

म्हणून शिक्षक मित्रहो, माझी विनंती एवढीच आहे. वर्षातून एकदा तरी मुलांना मातीत हात घालू द्या, आणि त्या दिवशी गावच्या कुंभाराला किंवा कुंभारणीला शाळेत मानाने बोलवा. खुर्ची द्या. आपण विद्यार्थ्यांच्या रांगेत बसा. आपले भांडे फुटले, तर ते मुलांसमोरच फुटू द्या.

आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी आजी आली होती. वर्गात तिने दोन तास काम करून दाखवले. पाठ झाल्यावर मी मुलांना विचारले, "या आजींना धन्यवाद कोण देईल?" मागच्या बाकावरून तोच मुलगा उठला. तो फारसे बोलला नाही. एवढेच म्हणाला, "हे माझी आजी हाये." त्या वेळी वर्गात कुणी हसले नाही.