चिपचे मॉडेल कुलपात असते तेव्हा

(मंडळाच्या उन्हाळी विज्ञानवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची आपल्याच मंडळातली दोन मुले आमच्याकडे आली. प्रोजेक्ट होते २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या सर्किटचे. सरांची अट अशी, की आधी सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचे. मुलांनी चिप निवडली, कंपनीने दिलेले मॉडेल उतरवून घेतले आणि एलटीस्पाइसमध्ये घातले. सॉफ्टवेअरने ते घ्यायला नकार दिला. फाइल उघडली, तर आत निरर्थक अक्षरांच्या रांगा! प्रोजेक्ट जमा करायला उरले होते बारा दिवस.

"काका, फाइल खराब आहे का?"

फाइल चांगली होती, पण कुलपात होती.

स्पाइस हा प्रोग्राम अमेरिकेत बर्कले विद्यापीठात लॉरेन्स नागेल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला आणि १९७३ मध्ये जगापुढे ठेवला. तो सर्वांना खुला होता. त्यातून पीस्पाइस, एचस्पाइस, एलटीस्पाइस, एनजीस्पाइस अशी भावंडे झाली. मूळ एक, पण बोली वेगळ्या. आपण इकडे आलेली मराठी मंडळी हे चांगले जाणतो.

चिपचे मॉडेल म्हणजे तिच्या वागण्याचे लेखी वर्णन. त्यात आतली रचना उघडी पडू शकते, म्हणून कंपन्या ते सांकेतिक करून देतात. आजीच्या गोड्या मसाल्याची पुडी मिळते, भाजीही होते, प्रमाण मात्र कळत नाही. इथे अडचण आणखी एक आहे. पुडी फक्त एकाच घरच्या चुलीवर चालते. पीस्पाइससाठी कुलूप लावलेले मॉडेल पीस्पाइसच आतल्या आत उघडते. एलटीस्पाइसकडे ती किल्ली नाही, आणि एलटीस्पाइसच्या कुलपाची किल्ली इतरांकडे नाही.

कुलूप फोडण्याचा विचार आम्ही मुलांना करू दिला नाही. मॉडेल घेताना मान्य केलेल्या अटी मोडून मिळवलेले ज्ञान टिकत नाही. सरळ रस्ते चार आहेत. पहिला, त्याच चिपचे खुले मॉडेल आहे का, हे कंपनीला विचारणे. दुसरा, ज्या सॉफ्टवेअरसाठी मॉडेल आहे तेच वापरणे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०२० मध्ये आपल्या चिपांसाठी पीस्पाइसची मोफत आवृत्ती दिली आहे. तिसरा, खुले मॉडेल असलेली तशीच दुसरी चिप घेणे. चौथा, डेटाशीट वाचून स्वतः साधे मॉडेल लिहिणे.

मुलांची चिप दुसऱ्या कंपनीची होती, आणि ती विकत आणून झाली होती. कंपनीला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. मग चौथा रस्ता धरला. ५ भागिले २४, म्हणजे स्विच साधारण २१ टक्के वेळ चालू. वारंवारता ५०० किलोहर्ट्झ आणि प्रवाहाची लहर ०.६ अँपिअर धरली, तर कॉइल सुमारे १३ मायक्रोहेन्रीची येते. बाजारात १५ ची मिळाली. एक दिवस मात्र एका अक्षरात गेला. स्पाइसमध्ये 'एम' म्हणजे मिली, मेगासाठी 'मेग' लिहावे लागते. मुलांनी रोधाला एक मेगओहमऐवजी एक मिलिओहम दिला होता.

आठव्या दिवशी पडद्यावर ५ व्होल्ट आले. मुले नाचली, पण आम्ही सावध केले: आपण जे सांगितले तेवढेच या मॉडेलला ठाऊक आहे. तसेच झाले. खऱ्या बोर्डावर लोड एकदम वाढवताच व्होल्टेज खाली बसले. आमच्या मॉडेलमध्ये चिपचे नियंत्रण आदर्श होते, खऱ्या चिपला सावरायला वेळ लागत होता. आउटपुटला कपॅसिटर वाढवला, पुन्हा मोजले, तेव्हा जमले. हा फरक मुलांनी रिपोर्टात लपवला नाही. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, आणि त्यांना सगळी उत्तरे देता आली.

पालकांना एक विनंती. मुलांना महागडे सॉफ्टवेअर घेऊन द्यायची घाई करू नका. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने एनजीस्पाइसवर आधारलेले ई-सिम मोफत उपलब्ध केले आहे. आणि मुलांनो, चिप विकत घेण्याआधी तिचे मॉडेल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, ते पाहा. बंद पेटी मिळाली तर रडू नका. डेटाशीट सहसा सर्वांना उघडी असते. ती वाचायला बसलात, तर आम्ही रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात असतोच.

गणपती बाप्पा मोरया!