अंगावर काढलेले दुखणे

(ठाणे महानगरपालिका क्षेत्रातील कोलशेत गावठाणात महिलांच्या आरोग्याविषयी भरलेल्या सभेत एका सेवानिवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकविले, एवढीच माझी पात्रता. आजचा विषय चारचौघांत मांडण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. परंतु दुखणे माझे स्वतःचे आहे. तेव्हा संकोच वाटायचाच तर तो मला वाटावा, आपण निःसंकोचपणे ऐकावे.

१९७८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मला पाळी आली आणि तिच्याबरोबरच हे दुखणे आले. महिन्यातील तीन दिवस मी ओटीपोट धरून, गुडघे छातीशी घेऊन पडून राहत असे. आईने ओव्याचे पाणी दिले, विटेचा शेक दिला आणि सांगितले की लग्न झाले म्हणजे थांबेल. १९८८ साली लग्न होऊन मी कोलशेतला आले. दुखणे थांबले नाही. मग सांगण्यात आले की पहिले मूल झाले म्हणजे थांबेल. मूल झाले नाही. एका दवाखान्यात तर ‘मनाचा कमकुवतपणा’ असे निदान झाले आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. अखेर १९९३ साली मुंबईत दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा या दुखण्याला नाव मिळाले : एंडोमेट्रिओसिस. मधे १५ वर्षे गेली होती.

हा विकार थोडक्यात असा. गर्भाशयाला आतून जे अस्तर असते, त्यासारखेच पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशांवर, बीजवाहिन्यांवर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढते. पाळीबरोबर तेही सुजते, रक्ताळते. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यातून दाह होतो, व्रण पडतात, आतील अवयव एकमेकांस चिकटतात. बीजकोशात जुने, काळपट रक्त साचून गाठ झाली तर डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. (इतक्या गोड नावाची इतकी कडू वस्तू मी दुसरी पाहिली नाही.) पाळीच्या दिवसांत शौचाच्या वा लघवीच्या वेळी होणारी वेदना, पतिपत्नीसंबंधाच्या वेळी होणारी वेदना, सततचा थकवा आणि मूल न होणे ही याची लक्षणे होत. मात्र हा विकार असलेल्या कित्येक स्त्रियांना मुले होतात, हेही तितकेच खरे. पाळीचे रक्त उलट दिशेने पोटात जाते म्हणून हे घडते, असा सिद्धांत सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ साली मांडला. परंतु तसे थोडेफार रक्त बहुसंख्य स्त्रियांच्या पोटात जाते आणि विकार सगळ्यांना होत नाही. म्हणजे कोडे पूर्ण सुटलेले नाही. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत या विकारावर संशोधन चालू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा विकार आहे. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते : ४० मुलींच्या वर्गात याचा अर्थ चार. अर्थात हा हिशेब स्थूल आहे, प्रत्येक वर्गात तो जुळेलच असे नाही.

आणि आता माझी चूक सांगते. २००९ साली आठवीतील एक मुलगी वारंवार गैरहजर राही. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘अनियमित, अभ्यासात टाळाटाळ’ असा शेरा मारला. सहामाहीच्या वेळी हजेरीपत्रकाची बेरीज करताना ध्यानात आले की तिच्या गैरहजेरीच्या दोन फेऱ्यांत दर वेळी २८ किंवा २९ दिवसांचे अंतर आहे. ज्या बाईने स्वतः १५ वर्षे हेच भोगले, तिच्या हातून हा शेरा लिहिला गेला! मुलीची आई मासळी विकीत असे. ती मला म्हणाली, “आमच्या घरात सगळ्यांचंच दुखतं, बाई. माझ्या आईचं दुखायचं, माझं दुखतं.” तिने हे मला धीर देण्यासाठी सांगितले. वस्तुतः डॉक्टरांच्या दृष्टीने हीच मोठी माहिती होती. कारण आई किंवा बहिणीला हा विकार असल्यास तो होण्याचा संभव वाढतो.

त्या मुलीला मी एकच काम सांगितले. घरच्या कालनिर्णयावर रोज रात्री खूण करायची : दुखले नाही तर काही नाही, दुखले तर एक टिंब, शाळा बुडाली तर दोन, उलटी झाली तर तीन. चार महिन्यांनी ती पाने घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. सोनोग्राफीत काही दिसले नव्हते. परंतु सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे विकार नाहीच, असे होत नाही. डॉक्टरांनी पाने शांतपणे चाळली आणि त्या आधारावर गोळ्या सुरू केल्या.

हा विकार समूळ बरा करणारा उपाय आज नाही. वेदनाशामक औषधे आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे. ‘पिशवी काढून टाका, सुटाल’ हा सल्ला मात्र सरसकट स्वीकारू नये. विकार मुळात गर्भाशयाच्या बाहेर असतो. पिशवी गेली तरी वेदना राहू शकते. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या सर्वांना एंडोमेट्रिओसिस होता असे मी म्हणत नाही. परंतु बाईच्या ओटीपोटातील दुखणे नीट विचारून घेण्याची सवय समाजाला नसली म्हणजे काय होते, ते या आकड्यात दिसते.

आधाराविषयी माझा अनुभव सांगते. मला पहिला आधार सासूबाईंचा मिळाला, आणि तो अनपेक्षित होता. मुंबईहून परत आल्यावर त्या रात्री माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही असंच व्हायचं. मी कुणाला सांगितलं नाही.” पाच वर्षे आम्ही एका स्वयंपाकघरात वावरत होतो! पुढे शाळेच्या एका वर्गात शनिवारी दुपारी पाच-सहा जणी जमू लागलो. पहिल्या दिवशी दुखण्याविषयी कोणी बोललेच नाही. सारा वेळ पाण्याच्या वेळांवर गेला. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी एकीने तोंड उघडले. आज रुग्णालयात सोबत कोणी जायचे, मागे मुलांना जेवू कोणी घालायचे, कोणत्या गोळीने मळमळते, नवऱ्याला कसे सांगायचे, एवढ्यावरच आमचे बोलणे असते. नवऱ्याला पुढच्या तपासणीला बरोबर न्यावे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पुष्कळ फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

शिक्षकांनी हजेरीपत्रकाकडे तारखांच्या नजरेने पहावे. १० ते १९ वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तेथे मुलीला आईसह पाठवावे. पंचायत सदस्यांना सांगायचे ते हे की ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिच्यात पाण्याच्या नळाबरोबर हाही विषय निघावा, आशाताईंना बोलू द्यावे. अधिकारी बंधूंनी महिला कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जावर ‘पोटदुखी’ हे कारण वाचून हसू नये. बिहार शासनाने १९९२ सालीच आपल्या महिला कर्मचाऱ्यांना दरमहा दोन दिवसांची विशेष रजा दिली. तेवढे होईपर्यंत निदान कार्यालयाच्या प्रसाधनगृहाला आतून कडी आणि आत पाणी असावे.

ती आठवीतील मुलगी आता नोकरी करते. गोळ्या चालू आहेत, मधूनमधून दुखतेही. शनिवारी जमेल तेव्हा येते आणि नव्याने आलेल्या मुलींना टिंबांची पद्धत तीच समजावते. पलीकडच्या भगिनींपैकी कोणाला यायचे असेल तर कशेळी पुलावरून बाळकुममार्गे यावे. तीन वाजता आम्ही शाळेत असतो.