हळू धावा, दम वाढवा

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत भरतीची तयारी करणारे बरेच जण मग रोजच जीव तोडून पळतात. इथंच गडबड होते. १६०० मीटरसाठी लागणारी बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या मदतीनं तयार होते, आणि ही क्षमता संथ, लांब धावण्यानं छान वाढते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, चरबी इंधन म्हणून जास्त वापरली जाते.

संथ म्हणजे किती? अमेरिकेचे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचा ठोकताळा आहे : १८० वजा वय. वीस वर्षांच्या मुलानं हृदयाचे ठोके मिनिटाला १६० च्या आत ठेवावेत. ठोके मोजणारं घड्याळ नसलं तरी चालेल. थांबल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजा, चारानं गुणा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं, तरी वेग बरोबर समजा. सोबतचे पुढं जातील, जाऊ द्या!

आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र त्याच वेगाला ठोके वाढतात, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडं वळतं. तेव्हा वेग आणखी कमी करा, नाहीतर चाला. वेगाचा सराव आठवड्यातून एक-दोनदा पुरे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.