ज्वारीच्या ताटाचा आधार

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या दुधनीच्या परिसरात तूर आणि रब्बी ज्वारी ही दोन्ही पिके घेतली जातात, आणि वनस्पतीला उभे ठेवणाऱ्या ऊतींची, म्हणजे एकच कार्य मिळून करणाऱ्या पेशीसमूहांची, दोन निराळी रूपे त्यांत आढळतात.

तुरीच्या कोवळ्या खोडाला स्थूलकोन ऊती आधार देतात. त्यांच्या पेशी जिवंत असून भित्तिका कोपऱ्यांत जाड असतात, त्यामुळे खोडाबरोबर त्याही लांबू शकतात. पुढे खोडात लाकूड तयार होते आणि मळणीनंतर उरणाऱ्या तुराट्या कुडाला व जळणाला उपयोगी पडतात.

ज्वारी एकदल असल्याने असे लाकूड धरत नाही, तरीही मालदांडी या रब्बी वाणाचे उंच ताट कणसाचा भार पेलते. या ताटाच्या सालीलगत दृढ ऊतींचे दाट कडे असते. लिग्निन हे कठीण द्रव्य भित्तिकांत साठून त्यांच्या पेशी बहुधा मृत झालेल्या असतात. पाणी व अन्न वाहणारे पूलही कडेलाच अधिक दाटलेले असून त्यांच्याभोवती याच ऊतींचे वेष्टन असते. वाऱ्याने ताट वाकले की एका बाजूस ताण व दुसऱ्या बाजूस दाब येतो, आणि दोन्ही कडेलाच सर्वाधिक असल्याने बळकट द्रव्य तेथे असणे काटकसरीचे ठरते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८७४ मध्ये एकदल वनस्पतींची ही रचना बांधकामातील तुळयांच्या तत्त्वाने उलगडून दाखविली.

मात्र या विवेचनात मृत धाग्यांचे कौतुक जरा अधिकच होते. गाभ्यातील मूल ऊतींच्या पातळ भित्तिकांच्या जिवंत पेशी पाण्याने फुगलेल्या असतात आणि कड्याला आतून तोलून धरतात, त्यामुळे ते चेपत नाही. त्यांचे महत्त्व खडखड्या रोगात कळते. फुलोऱ्यानंतर जमिनीतील ओल तुटली की मॅक्रोफोमिना ही बुरशी बुंध्याकडील गाभा कुजविते. पुलांचे धागे सुटे होऊन शिल्लक राहतात, पण ताट बुडाशी मोडून लोळते. कणसातले दाणे पोचट राहतात आणि कडब्याचा कसही उतरतो. म्हणूनच फुलोऱ्यात व दाणे भरताना शक्य तेथे संरक्षित पाणी देण्याची शिफारस केली जाते.