रानांतील अन्न व आपलें ऋण
(समितीच्या सभेंत केलेलें भाषण)



दुष्काळनिवारणासाठीं आम्ही वर्गणी मागावयास निघालों म्हणजे एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: “डोंगरांतल्या लोकांस रान आहे, कंदमुळांवर ते निभावून नेतील. त्यांना धान्य कशाला?” विचारणारे गृहस्थ कृपण नसतात, सज्जन असतात. म्हणूनच त्यांस नीट उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

रानांत अन्न आहे, हें अगदीं खरें. सह्याद्रीच्या उतारावरील ठाकर, कातकरी, महादेव कोळी ह्या लोकांचें ज्ञान पाहून आम्हां पदवीधरांनीं थक्क व्हावें. पहिल्या पावसासरशीं शेवळ उगवतें. तें तसेंच शिजविल्यास घशाला खाज सुटते, म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालतात. मागून टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोलीं येतात. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें वेंचून व वाळवून पुढील महिन्यांसाठीं ठेवितात. कडू कंद तर मूळचा विषारी. त्याच्या पातळ चकत्या राखेच्या पाण्यांत शिजवून, टोपलींत घालून रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवावयाच्या, तेव्हां कोठें तो खाण्याजोगा होतो. यांतील एक पायरी चुकली तर अन्नाचेंच दुखणें होतें.

१८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळानंतर, १९०२ मध्यें, गॅमी नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मुंबई इलाख्यांत टंचाईच्या दिवसांत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर टिपण प्रसिद्ध केलें. तथापि अशा ज्ञानाचा मूळ पुरावा तोंडीच असतो, व त्याचे साक्षीदार म्हणजे वाडीवरील वृद्ध बाया. त्या गेल्यावर कोणत्याहि दप्तरांत तो पुरता सांपडणार नाहीं.

परंतु पाऊसच फसला तर? टाकळा व कुर्डू हीं पावसाचीं लेंकरें. पाऊस नाहीं तर तींहि नाहींत. राहतात ते जमिनींत खोल गेलेले कंद, आणि ते खणावयास अंगांत बळ लागतें. उपाशी माणूस दिवसभर खणून जें आणतो, तें कित्येकदां त्या श्रमाचीहि भरपाई करीत नाहीं. पालेभाजी भाकरीस जोड देते. भाकरीची जागा घेत नाहीं. हें ज्ञान कांहीं आठवडे काढून देतें, सबंध वर्ष नव्हे. वकिली भाषेंत सांगावयाचें तर रान हें जामीनदार आहे. जामीनदार उभा आहे म्हणून मूळ ऋणको सुटत नाहीं; आणि येथें ऋणको आपण आहों.

सबब आमच्या तीन विनंत्या आहेत. व्यापारी मंडळींनीं गरिबाच्या घरचा वाळलेला मोह टंचाईंत पडत्या भावानें उचलूं नये. तो त्याच्या मुलांचा पुढच्या महिन्याचा घांस आहे. विकावयास आलाच, तर वजन व भाव दोन्ही रास्त द्यावे. जमीनवाल्यांनीं बांधावरील भाजी खुडणाऱ्या बाईस हटकूं नये, व तणनाशक मारण्यापूर्वीं तेथें कोणाचें जेवण उगवतें याचा विचार करावा. वनांतील गौण उपज गोळा करण्याचा वननिवासी लोकांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केला आहे. तेथें कोणाच्या औदार्याचा प्रश्न उरला नाहीं. बांधाचा प्रश्न मात्र आपल्या औदार्यावरच आहे.

दात्यांस विनंति ही कीं, देणगी लवकर द्यावी. टंचाईच्या दिवसांत कडू कंद चुलीवर चढला म्हणजे ती त्या घराची फिर्याद समजावी. तोंवर वाट पाहणें म्हणजे उशीर करणें होय. कणग्या रिकाम्या होण्यापूर्वीं धान्य वाडीवर पोंचावें, हा आमचा हेतु आहे. वर्गणीपैकीं थोडा भाग वृद्ध बायांकडून ह्या वनस्पतींचीं नांवें व कृती लिहून घेण्यास लावावा, असेंहि आम्ही सुचवितों. परंतु धान्य आधीं, लेखणी मागून.

रानानें आपलें काम आजवर केलें आहे. आतां आपण आपलें करावें, इतकेंच मागणें मागून आम्ही आपली रजा घेतों.