श्रवणातून विद्या

(आपल्या संघाच्या वार्षिक मेळाव्यात, निफाड येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, हा आमचा बहुमान होय. विषयही मंडळानेच सुचविला आहे: उच्च शिक्षणात पॉडकास्टचा उपयोग. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले आणि पुढील सारा काळ प्राथमिक शाळेत फळ्यापुढे गेला. विद्यापीठाच्या व्याख्यानगृहात विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग आला नाही. निवृत्तीनंतर मात्र आम्ही विद्यापीठातील अध्यापकांची व्याख्याने घरच्या ओसरीवर बसून ऐकत आहोत. हे बोलणे त्या श्रोत्याच्या अधिकाराने आहे, विद्वानाच्या नव्हे.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनी प्रसिद्ध होणारे ध्वनिमुद्रण. एकदा नोंद केली की नवा भाग आपोआप मोबाईलवर येतो. तो उतरवून ठेवावा आणि सवडीने ऐकावा. हा शब्द २००४ साली 'आयपॉड' हे यंत्र आणि प्रसारणवाचक इंग्रजी शब्द यांच्या जोडणीतून रूढ झाला. रेडिओवरील व्याख्यान ठरल्या वेळी येते आणि निघून जाते. हे व्याख्यान आपली वाट पाहते. थांबविता येते, न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो. साध्या प्रतीचे अर्ध्या तासाचे मुद्रण सुमारे १५ एमबी भरते, म्हणजे चलच्चित्राच्या मानाने अगदी थोडे. ज्या मळ्यात मोबाईलला रेंज जेमतेम मिळते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

कानाने शिकणे आपणांस परके नाही. कीर्तन आणि प्रवचन ऐकूनच आपल्या आजा-पणजांनी शहाणपण मिळविले. आपल्या निफाडचेच उदाहरण घ्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. पुढे दृष्टी अधू झाल्यामुळे वृत्तपत्रे व ग्रंथ ते इतरांकडून वाचवून घेत, आणि पत्नी रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. पतीसाठी वाचता वाचता रमाबाईंचीही बुद्धी विस्तारली. एक वाचणार, एक ऐकणार आणि दोघे त्यावर बोलणार, अशी ती घरातली पाठशाळा होती.

विद्यापीठांनीही हा मार्ग पूर्वीच ओळखला होता. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून त्याचे पाठ बीबीसीच्या रेडिओ व दूरचित्रवाणीवरून घरोघर जाऊ लागले. आपल्या देशात हैदराबादला १९८२ साली, दिल्लीला १९८५ साली आणि आपल्या नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठे निघाली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. गंगा घरापर्यंत आली, हे खरे. ती घरात शिरल्यावर घागर भरते की नाही, हा आमच्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

येथे दोन प्रयोगांची आठवण देतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी सुमारे वीस माणसे एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले प्राध्यापक पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. जेथे मंडळ होते तेथे लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे अगदी थोडी. आवाज तोच, कार्यक्रमही तेच; अंतर पडले ते चर्चेमुळे.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील. ड्यूक विद्यापीठाने २००४ साली पहिल्या वर्षाच्या १,६०० हून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. पुढील वर्षी सरसकट वाटप बंद झाले आणि ज्या अभ्यासक्रमांत त्याचा उपयोग योजलेला होता, त्यांतील विद्यार्थ्यांनाच ते यंत्र मिळू लागले. वस्तू हाती आली म्हणजे विद्या आली असे होत नाही, हे श्रीमंत विद्यापीठासही अनुभवाने कळले.

आपल्या शास्त्रांनी श्रवण, मनन आणि निदिध्यास अशी शिक्षणाची तीन पावले सांगितली आहेत. पॉडकास्ट पहिले पाऊल सोपे करतो. पुढची दोन आपणांसच टाकावी लागतात.

आमच्या परिचयाच्या एका घरातील सूनबाई मुक्त विद्यापीठाची पदवी करीत आहेत. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत पुस्तक उघडण्यास वेळ कोठला? हात गुंतलेले, कान तेवढे मोकळे. त्या कानांत इअरफोन घालून व्याख्याने ऐकत, तेव्हा घरात कुजबुज होई की हिचे कामात लक्ष नाही. एके दिवशी कांदा निवडताना सासऱ्यांनीच सांगितले, "मोठ्याने लाव, आम्हांसही ऐकू दे." विषय होता १८७५ सालचा दख्खनचा शेतकरी उठाव. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हे ऐकून सासऱ्यांनी विचारले, "कागद जाळल्याने कर्ज फिटते काय?" उत्तर देण्यासाठी सूनबाईंस पुस्तक पुन्हा उघडावे लागले, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणि न्यायालयांतील व्यवहार समजावून सांगावे लागले. तो पाठ त्यांना पक्का झाला, हे वेगळे सांगावयास नको. कुजबुजही थांबली.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, भाषा हे विषय कानाने चांगले उतरतात. गणिताची सिद्धता, भूगोलाचा नकाशा, हिशेबाचा तक्ता यांस डोळे व कागदच हवेत. शिवाय ध्वनिमुद्रण कोणीही करू शकतो. म्हणून बोलणारा कोण, कोणत्या संस्थेचा, हे पाहावे आणि ऐकलेले पाठ्यपुस्तकाशी ताडून घ्यावे. ध्वनिमुद्रण ऐकले म्हणून वर्ग चुकविणे हाही तोट्याचा व्यवहार होय. उलट अध्यापकाने विषयाची ओळख आधी मुद्रित करून दिली, तर वर्गातील वेळ शंकांसाठी मोकळा होतो. खरा लाभ तोच.

आता संघापुढे आमच्या तीन विनंत्या. पहिली घरातील वडीलधाऱ्यांस. आपल्या मुली लग्नानंतर शिक्षण सोडतात, त्याचे कारण बुद्धी नसते. वेळ आणि संमती नसते. सुनेच्या कानातील इअरफोन पाहून कपाळास आठी घालू नका. ती काय ऐकते ते विचारा. दुसरी कार्यकारी मंडळास. संघाचे सभागृह बहुतेक रविवारी बंद असते. तेथे अर्धा तास व्याख्यान सर्वांनी मिळून ऐकावे आणि अर्धा तास प्रश्न व्हावेत. न सुटलेले प्रश्न वहीत लिहून मुलामुलींनी अभ्यासकेंद्रावरील संमंत्रण सत्रात न्यावेत. शाल-श्रीफळाच्या खर्चाहूनही याचा खर्च कमी आहे. तिसरी विनंती महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस. प्रत्येकाने आपल्या विषयातील एक अवघड धडा, सोप्या मराठीत, वीस मिनिटांत मुद्रित करून संघास द्यावा. देणगीच्या यादीत तिची नोंद रकमेच्या देणगीइतक्याच मानाने व्हावी.

पहिल्या रविवारपासून सभागृहाचे दार उघडून वही सांभाळण्याचे काम आम्ही पत्करतो. श्रोते आपण द्यावेत, आणि त्यांत सुना व लेकी अधिक असाव्यात, एवढेच मागणे आहे.